मुरकुटांची बदली

मेहकरहून दुसरबीडपर्यंत एस.टी.ने चिलटं नेऊन सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. माझं दुर्दैव असं की त्या दिवशी मी त्याच गाडीत होते. मला शाळेच्या कामासाठी पुढे सिंदखेडराजाला जायचं होतं. काका शेजारच्या सीटवर बसले, मांडीवर पिशवी घेतली आणि पिशवीतून एक काचेची बरणी काढून नीट दोन्ही हातांत धरली. बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधलेलं होतं.

कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"बाबा, बरणीत काय हाये?"

"मुरकुटं."

आमच्या साताऱ्याकडे ज्यांना चिलटं म्हणतात, ती इथली मुरकुटं. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी, चहाच्या कपात जीव देणारी, तीच ती. कंडक्टरने वाकून खात्री करून घेतली.

"कुठं नेऊन राह्यले?"

"दुसरबीडले. बहिणीच्या घरामागं नाला हाये, तिथं सोडतो."

"काऊन? दुसरबीडले कमी हायेत काय?"

"कमी नाईत. पन मेहकरले जास्त झाले. बदली करून राह्यलो."

अख्खी गाडी हसली. मागून कोणीतरी विचारलं, "बाबा, यायचं तिकीट बी काढलं काय त्याईचं?" काका हसले नाहीत. त्यांनी मागे वळून शांतपणे सांगितलं की परतीची सोय सरकारी बदलीत नसते. मी खिडकीबाहेरच्या सोयाबीनकडे इतकं टक लावून पाहिलं, की जणू मला त्यावर निबंध लिहायचा होता.

हा माणूस नोकरीत असताना हिवताप विभागात फवारणी करायचा. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, आणि तालुक्यातलं एकही गाव असं नाही जिथल्या भिंतींवर त्यांनी पावडर मारली नाही. लोक त्यांना मच्छरवाला म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही खाकी शर्ट सुटला नव्हता आणि नजर तर अजिबातच सुटली नव्हती. कोणाच्याही घरी गेले की आधी रांजणाचं झाकण उचलून आत बघायचे, मग घरच्यांना जयभीम. लग्नाला गेले तर पाण्याचा ड्रम आधी, नवरदेव नंतर. मी खोली बघायला गेले तेव्हा भाडं सांगायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, "म्याडम, कुंड्या ठेवता काय? ठेवसान तं खाली बशी नाई ठेवायची. पानी साचते."

त्यांचं एक वाक्य होतं. फवारणीच्या काळात गावोगावी लोकांना ऐकवलेलं, आणि आता आम्हाला ऐकवायचं: "उडते त्याच्या मांगं धावू नका. साचते तिथं जा." आमच्या शाळेत बोलावलं होतं तेव्हा पोरांकडून हे त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते त्यांच्याच अंगावर यायचं आहे.

घर एकच होतं, मधे एक भिंत घालून मागची खोली मला दिलेली. भिंतीत वर एक झरोका होता. त्यांच्या फोडणीचा वास मला, माझ्या करपलेल्या भाताचा वास त्यांना. चिलटंही त्या झरोक्यातून दोन्हीकडे ये-जा करायची. आषाढ संपता संपता ती इतकी वाढली की मी बाजारातून फवाऱ्याचा डबा आणला. झाकण काढते न काढते तोच काका माझ्या उंबऱ्यात.

"म्याडम, तो डबा खाली ठेवा. वर्षावास सुरू हाये. आश्विन पुनवेपर्यंत या घरात कोनी कोनाले मारत नाई."

मला वाटलं थट्टा आहे. पण ती थट्टा नव्हती. वर्षावास म्हणजे पावसाळ्यातले बौद्धांचे व्रताचे तीन महिने; त्यात रोज संध्याकाळी काका-काकू पांढरे कपडे घालून विहारात जायचे, ग्रंथवाचन ऐकायचे, पंचशील घ्यायचे. त्यातलं पहिलंच शील, प्राण्याची हिंसा करणार नाही. बाकीचे लोक ते म्हणतात आणि घरी येऊन डास टाळीत पकडतात. यांनी ते शब्दशः घेतलेलं.

"काका, तुम्ही? तुम्ही तर नोकरीभर..."

"म्हनूनच ना. सरकारनं जन्मभर मारायचा पगार देल्ला. मी रिटायर झालो तं मारनं बी रिटायर."

मी डबा बॅगेत ठेवला. वाद घालायची माझी इच्छा पुष्कळ होती, पण मालकाशी वाद घालून खोली कोण सोडतो!

हे सगळं गमतीचं राहिलं असतं, पण मधे काकूंची खीर आली. वर्षावासाच्या समारोपाला विहारात भोजनदान असतं, आणि त्यातली खीर काकूंच्या हातची, ही वस्तीतली जुनी रीत. काकूंच्या घरचा मोठा गंज, म्हणजे खिरीचं ते पितळी पातेलं, चार माणसं उचलून विहारात नेतात. काकूंना वर्षभर कोणी विचारो न विचारो, त्या दिवशी मात्र त्या पळी घेऊन उभ्या राहतात आणि सगळी वस्ती त्यांच्यासमोर वाटी घेऊन येते. तर मागच्या वर्षी भंतेजींसमोर गंजावरचं झाकण काढलं, आणि सायीवर चिलटं. एक-दोन नाही, जायफळाची पूड शिंपडल्यागत. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी एक शब्द न बोलता झाकण परत ठेवलं होतं.

यंदा मंडळाच्या बैठकीत त्या बोलल्या. निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, बोलणं मोजकं. "यंदा खीर हाटेलातून आनू. नाई तं पुनवेच्या आदल्या दिवशी मी येऊन सैपाकघर पाहीन. मुरकुट दिसलं तं हाटेल." काकू घरी आल्या, रडल्या-बिडल्या नाहीत, त्यांनी सांडशी फेकली. झरोक्यातून मला आवाज आला आणि मागोमाग त्यांचा आवाज.

"तुमचा तो पंप काढा!"

"वर्षावासात नाई."

"मंग माह्या खिरीचं काय?"

"खीर तूच करशीन. मुरकुटं मी काढतो. पन एक बी मरनार नाई."

"शील तुमी पाळा, अन् इज्जत माही जाऊ द्या," काकू म्हणाल्या. मला त्यांचंच पटलं. मी तसं दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलंही. ते म्हणाले, "हाव, बरोबर हाये तिचं," आणि बरणी धुवायला लागले.

मग जे सुरू झालं ते मी जवळून पाहिलं. मी मोबाईलवर शोधून त्यांना एक उपाय सांगितला: वाटीत व्हिनेगर, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. चिलटं वासाला येतात आणि बुडतात. काकांनी वाटी हातात घेतली, वास घेतला, आणि साबण नको म्हणाले. "हे तं पाहुन्याले जेवाले बलावून विहिरीत ढकलनं झालं." त्यांनी स्वतःची रीत काढली. बरणीत कुस्करलेलं केळं, गुळाचं पाणी आणि आंबट ताक. तोंडावर वहीच्या कागदाचा शंकू, टोकाला बारीक भोक. चिलट आत जातं, बाहेरची वाट त्याला सापडत नाही. सकाळी बरणी भरलेली. मग कागद काढून मलमल बांधायची आणि मिरवत बाहेर न्यायची.

पहिली बदली परसातल्या भिंतीपलीकडे झाली. संध्याकाळी सगळी कर्मचारी मंडळी परत हजर. दुसरी बदली नाल्यापलीकडे. काका सांगायचे की तीही परत आली, आणि मी विचारायची की ओळखता कशी? "चेहऱ्यावरून," ते म्हणायचे, आणि मला आजही माहीत नाही की ते थट्टा करत होते का. म्हणून तिसरी बदली दुसरबीडला. दरम्यान ओट्यावर लवंगा टोचलेली लिंबं, खिडकीत कडुनिंबाच्या डहाळ्या, कोपऱ्याकोपऱ्यात कापूर. स्वयंपाकघराला हळदीकुंकवाचा वास यायला लागला आणि चिलटं तरीही वाढतच होती. काका प्रत्येक फडताळात एकेक बरणी ठेवत गेले. काकू रोज विचारायच्या, "पुनव कधी हाये, मालूम हाये ना?"

परसातल्या भिंतीपलीकडे भाजीवाल्या वहिनींचं घर. त्यांचा गावाबाहेर भाजीचा मळा आहे, आणि घर जुनं, ओसरीचं, दगडी पायऱ्यांचं. वहिनी भिंतीवर हनुवटी टेकवून आमची गंमत बघायच्या. "काका, आज कोन्या गावाले पोस्टिंग?" त्या विचारायच्या. काका हसून उत्तर द्यायचे, पण एकदा त्या आत गेल्यावर त्या घराकडे बघत मला म्हणाले, "या घरात मी लय खेपा फवारनी केली, म्याडम. ओसरी, माजघर, गोठा. सैपाकघर नाई."

"का?"

"हिची सासू दारात खाट टाकून बसे. म्हने, आत देव हायेत, तू इथलंच मार. एकच घर नव्हतं. लय गावाईत असंच. आमाले फवारनी झाली का भिंतीवर गेरूनं लिहा लागे, तारीख अन् काय काय झालं ते. मी लिहो, 'स्वयंपाकघर सोडून'. साहेब इचारे, काऊन सोडलं? काय सांगू? अन् मच्छराले समजते काय, कोनाचं सैपाकघर हाये म्हनून? सारे मच्छर तिथंच जाऊन बसत."

हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. मला मात्र राग आला, इतका की त्या दिवशी वहिनींशी मी बोलले नाही, आणि त्या बिचारीला काही कळलंच नाही. मला तेव्हा समजलं की काकूंची खीर ही नुसती खीर नाही. वस्तीतली सगळी माणसं ज्या स्वयंपाकघरातलं खातात, ते स्वयंपाकघर या माणसाचं होतं, आणि त्याच्यावर झाकण पडायची वेळ आली होती.

पौर्णिमा पंधरवड्यावर आली तेव्हा स्फोट झाला. काकू साखरेचा डबा काढायला फडताळात वाकल्या आणि मागची बरणी त्यांच्या हाती आली. त्यांनी ती उजेडात धरली.

"आवो! इकडं या! म्याडम, तुमी बी या!"

आम्ही दोघं धावलो. काका रोज चिलटं बाहेर सोडत होते, पण आतलं केळं-गूळ टाकत नव्हते. वास चांगला धरलाय, माल कशाला वाया घालवायचा, म्हणून तेच पुन्हा पुन्हा वापरत होते. त्या लगद्यात बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. काचेला आतून तपकिरी दाणे चिकटले होते, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यातून एक नवं कोरं चिलट बाहेर पडलं आणि पंख सुकवत बसलं.

"तुमी बदली नाई करून राह्यले," काकू म्हणाल्या. "तुमी भरती करून राह्यले!"

मी हसू दाबायचा प्रयत्न केला तो फसला. काकू मात्र हसत नव्हत्या. "जन्मभर लोकायले काय सांगे तुमी? सांगा बरं, काय सांगे?"

काकांचा चेहरा शाळेत उभं केलेल्या पोरासारखा झाला.

"उडते त्याच्या मांगं धावू नका," ते हळूच म्हणाले.

"अन्?"

"साचते तिथं जा."

"मंग जा!"

आणि ते गेले. त्या क्षणापासून तो माणूस पुन्हा नोकरीवर रुजू झाला. निवृत्त म्हातारा दुसऱ्या खोलीत राहिला आणि खाकी शर्टातला मच्छरवाला बाहेर आला. सगळ्या बरण्या त्यांनी टोपलीत भरल्या आणि वहिनींना भिंतीवरून हाक मारून विचारलं की मळ्यातल्या उकिरड्यावर ठेवू का. "ठेवा ना काका, तिथं का कमी हायेत!" त्या म्हणाल्या. लगदा, अळ्या, दाणे, सगळं तिथे अलगद उपडं केलं. येताना मला म्हणाले, "चुकलंच माहं. बदली सहकुटुंब कराले पाह्यजे होती."

मग कोरडा दिवस. फवारणीच्या काळात आठवड्यातून एकदा गावातली सगळी भांडी पालथी घालून सुकवायचा हुकूम असायचा, तो त्यांनी स्वयंपाकघराला लावला आणि रोज लावला. ओलं फडकं ओट्यावर दिसलं की उन्हात. भाजीची सालं निघाली की लगेच बाहेर. केळी-सीताफळं कापडी पिशवीत, गाठ मारून. मोरीचा पाइप उघडून आतला बुळबुळीत गाळ ब्रशने काढला, डब्यात भरला आणि तोही उकिरड्यावर पोचवला. उकळतं पाणी ओतलं तर लवकर होईल असं मी सुचवलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सुचवलं नाही. रात्री मोरी पुसून कोरडी करायची आणि वर राख. झरोका एकच, म्हणून माझंही स्वयंपाकघर तपासलं. माझ्या सिलिंडरच्या मागे एक बटाटा सापडला, ज्याला बटाटा म्हणायला हिंमत लागली असती. काकांनी तो कागदात उचलला आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

उरलेल्यांसाठी कडुनिंबाचा धूर. मागचं दार उघडं, पुढचं बंद. "ज्याले जायाचं त्यानं जा," ते धुराच्या घमेल्यामागून खोकत म्हणायचे. आणि ती गेली. आधी घोळका गेला, मग चुकार राहिली, मग एका सकाळी मी चहाचा कप झाकायला विसरले आणि अर्धा पिऊन झाल्यावर लक्षात आलं की झाकायची गरजच पडली नव्हती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अध्यक्षबाई आल्या. पांढरी साडी, चष्मा, हातात छत्री. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, मोरी पाहिली, फडताळ उघडलं. काही सापडलं नाही. एवढ्यावर भागलं असतं. पण काकांना भागवायचं नव्हतं. त्यांनी एक पूर्ण पिकलेलं, फुटायला आलेलं सीताफळ आणलं, हाताने दोन फाका केल्या आणि ताटलीत घालून ओट्यावर उघडं ठेवलं. सगळ्या घरात गोड वास पसरला.

"ताई, बसा. चाहा घ्या. तुमचा चाहा होयपर्यंत याच्यावर एक बी मुरकुट बसलं, तं खीर हाटेलची."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांची खीर त्यांना न विचारता पणाला लागली होती. पण अध्यक्षबाई बसल्या, आणि आम्ही चौघं एका सीताफळाकडे बघत राहिलो. चहा फार गरम होता. अध्यक्षबाई तो बशीत ओतून घेत नव्हत्या, मुद्दाम फुंकर घालून घालून पीत होत्या. मधेच वरून एक काळा ठिपका डुलत डुलत खाली आला आणि सरळ सीताफळाच्या पांढऱ्या गरावर बसला. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

अध्यक्षबाई उठल्या. चष्मा सारखा केला. बोट टेकवून तो ठिपका उचलला आणि बोट आमच्यासमोर धरलं.

"काजळी हाये," त्या म्हणाल्या. "धुराची."

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "खीर इथंच होईन," त्या काकूंना म्हणाल्या. "अन् हे फोडलंच हाये तं वाया काऊन घालवता?" असं म्हणून त्यांनी सीताफळाची एक फाक स्वतः घेतली, दुसरी काकूंच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी चौघांनी गंज उचलला तेव्हा काकू पुढे चालत होत्या, नवी पांढरी साडी नेसून. विहारात झाकण निघालं. साय अशी, की नुसती बघत बसावी. भंतेजींनी वाटी दुसऱ्यांदा पुढे केली, अध्यक्षबाईंनी तिसऱ्यांदा. पंचशील म्हणताना पहिल्या शीलाला काकांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला, आणि मी, माझा विहाराशी काही संबंध नसताना, मागे उभी राहून अभिमानाने फुगले होते. तो माणूस जिंकला होता. त्याने एक जीव न मारता लढाई जिंकली होती, आणि काकूंची पळी त्यांच्याच हातात होती.

उरलेल्या खिरीचा डबा काकूंनी भिंतीवरून वहिनींना दिला. दोन दिवसांनी वहिनी डबा परत द्यायला आल्या. भिंतीवरून नाही, पुढच्या दाराने. डब्यात मळ्यातल्या मेथीची जुडी होती.

"काका," त्या म्हणाल्या, "आमच्या सैपाकघरात लय मुरकुटं झाले. येऊन पाहता काय?"

काका उठले. खाकी शर्टाची बटणं लावली. काकू आणि मीही मागोमाग गेलो, घरी राहणं मला शक्यच नव्हतं. काकांनी दगडी पायऱ्यांशी चपला काढल्या, ओसरी ओलांडली, माजघर ओलांडलं. पुढे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय थांबले. जिथे पूर्वी खाट असायची, बरोबर तिथे.

"आत येऊ?"

"मंग?" वहिनी आतून म्हणाल्या. "मुरकुटं काय ओसरीत हायेत?"

काका आत गेले. पुष्कळ वेळ त्यांनी काहीच तपासलं नाही, नुसते उभे राहून चारी भिंती पाहत होते. मग भानावर आले आणि मोरीवर वाकले. तासाभरात कांद्याच्या टोपलीतला तळाचा सडका कांदा, पोतेऱ्याचा ओला बोळा आणि फ्रिजमागच्या ट्रेमधलं साचलेलं पाणी, तिन्ही बाहेर. वहिनींनी तिथेच ओट्याजवळ पाट मांडून चहा दिला, आणि काकांनी तो सावकाश, बशीत ओतून, आवाज करत प्यायला.

बाहेर आल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून गेरूचा खडा काढला. तो त्यांनी घरून निघतानाच घेतला असणार. "वहिनी, भिंतीवर लिहितो, रागावू नका. सवय हाये." वहिनी म्हणाल्या, लिहा ना. त्यांनी दाराशेजारच्या चुन्याच्या भिंतीवर तारीख लिहिली, आणि खाली त्याच जुन्या वळणदार अक्षरात: स्वयंपाकघरासह.

काकू रस्त्यापर्यंत मागे सरकल्या, डोळे बारीक करून त्यांनी ते वाचलं, आणि तिथूनच ओरडल्या, "आवो, मोठं काढा! इथून दिसलं पाह्यजे!"

काकांनी ते पुसलं आणि मोठं काढलं.